नवाबांची दुर्बीण

हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार पाहतो, मक्का मशिदीत नमाज पढतो, सालारजंग म्युझियममध्ये त्या घड्याळातला छोटा माणूस बाहेर येऊन टोले कसे देतो ते बघायला गर्दीत उभा राहतो, लाड बाजारातून बांगड्या घेतो आणि परत येतो. आम्हीही आजवर हेच करत आलो होतो. या खेपेला यादीत एक नाव जास्तीचे होते, बेगमपेठेतली निजामिया वेधशाळा. खालाच्या घरी जेवताना हे सांगितले तर खालूजान हसले. "वां क्या रक्खा है? पुराना गुंबद है, बस." चाळीस वर्षे ते त्या शहरात आहेत, त्या आवारावरून शेकडो वेळा गेले असतील. त्यांचे म्हणणे तसे खोटेही नव्हते.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. तरी हे खूळ डोक्यात शिरले ते भाषेच्या तासालाच. मराठीत मिसळलेले फारसी शब्द सांगताना फळ्यावर 'दुर्बीण' लिहिले. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. लांबचे पाहणारी ती दूरबीन, मराठी तोंडात बसून दुर्बीण झाली. वर्गातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "शब्द आपल्याकडचा, मग दुर्बीण पण आपल्याकडं कुणाची होती का?" प्रश्न साधा, पण उत्तर देताना नुसते "होती" म्हणून भागणार नव्हते. कुणाची, कुठे, किती मोठी आणि आता तिचे काय झाले, हे पुढचे प्रश्न त्याच बाकावर तयार होते.

वेधशाळेला उर्दूत रसदगाह म्हणतात. ही 'रसद' अरबी, तिचा अर्थ टक लावून पाळत ठेवणे. फौजेला पोचवायची रसद ती वेगळी. पाळत ठेवणे हा शब्द आम्हाला वेधशाळेच्या कामासाठी फार चपखल वाटतो. एक रात्र पाहून काही हाती लागत नाही. वर्षानुवर्षे, माणसे बदलली तरी, तेच आकाश तसेच पाहत राहावे लागते.

तर ती दुर्बीण नवाब जफर जंग बहादूर यांची. निजामाच्या दरबारातले हे उमराव. इंग्लंडला जाऊन आलेले, आकाशाचा शौक लागलेले. शौकीन नवाब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडे, कबुतरे आणि मुशायरे येतात. या नवाबांनी १५ इंची भिंगाची दुर्बीण विकत घेतली, आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ग्रब कंपनीची. हैदराबादेत फिसलबंडा म्हणून भाग आहे, तिथे आपल्या जागेत त्यांनी वेधशाळा उभारायला घेतली आणि १९०१ साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे तिला 'निजामिया' नाव देण्याची परवानगी मागितली.

१५ इंच म्हणजे किती, ते मुलांना समजावे म्हणून एक हिशेब सांगतो. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. १५ इंची भिंग ३८ सेंटिमीटरचे. उजेड गोळा करण्याचे काम क्षेत्रफळावर चालते, म्हणून हे भिंग डोळ्याच्या सुमारे तीन हजार पट उजेड गोळा करते. दुर्बिणीची मोठेपणाची खरी मापे हीच. "किती पट मोठे दिसते" असे दुकानदार सांगतो, त्याला फारसा अर्थ नाही.

नवाब १९०७ साली वारले. आमच्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. जाण्यापूर्वी त्यांनी व्यवस्था केली होती की वेधशाळा आणि तिचे सामान निजाम सरकारने ताब्यात घ्यावे. १९०८ मध्ये ते झाले. सरकारने आर्थर चॅटवुड नावाचे इंग्रज संचालक नेमले, फिसलबंड्याहून वेधशाळा बेगमपेठेच्या मोकळ्या माळावर हलवली, ८ इंची भिंगाची आणखी एक दुर्बीण उभारली. तिच्यावर फोटोच्या काचा लावता येत. नवाबांची १५ इंची दुर्बीण मात्र बेगमपेठेत उभी राहायला १९२२ साल उजाडले. नवाबांना जाऊन तेव्हा १५ वर्षे झाली होती.

आपल्या लोकांत दान करायची हौस कमी नाही. मशिदीचा स्लॅब, मदरशाची खोली, बोअर, पाण्याचा कूलर, आणि नाव कोरलेली फरशी. हे सारे सवाबाचेच काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वस्तू देणारा शंभर वेळा भेटतो, त्या वस्तूजवळ बसणाऱ्या माणसाच्या दहा वर्षांच्या पगाराची सोय करणारा क्वचित. आमच्या माहितीतल्या एका शाळेला एका सज्जनांनी चांगली दुर्बीण भेट दिली होती. जे सर ती मुलांना दाखवत त्यांची बदली झाली, त्यानंतर ती लोखंडी कपाटात गेली. कपाटाची किल्ली कुणाकडे, इथून आता चौकशी सुरू करावी लागते.

जुन्या काळात हे शहाणपण होते. इराणातल्या मरागा इथे नसीरुद्दीन तूसी यांनी १२५९ मध्ये सुरू केलेली रसदगाह वक्फच्या उत्पन्नावर चालत असे. आणि जिथे सगळे एकाच माणसावर टेकलेले होते तिथे काय झाले तेही इतिहासात आहे. समरकंदचा उलुग बेग, तैमूरचा नातू, स्वतः बादशहा आणि स्वतःच ज्योतिर्विद. १४४९ मध्ये त्याच्या मुलाच्याच इशाऱ्यावर त्याचा खून झाला आणि त्याची भव्य रसदगाह ओस पडली. तरी तिथे मोजलेल्या १०१८ ताऱ्यांची यादी वाचली. तिथलेच अली कुशजी पुढे इस्तंबूलला गेले, ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. विटा राहिल्या नाहीत, वही राहिली.

बेगमपेठेलाही तेच पाहायला मिळाले. आवारात आता दुसरीच संस्था आहे, समाजविज्ञानाचा अभ्यास करणारी. झाडे बरीच, बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट आत थोडा कमी होतो. घुमट दिसले तेव्हा आमची मुलगी पटकन म्हणाली, "हा तर दर्गा वाटतोय!" गोल भिंत, वर घुमट, लांबून खरेच तसे वाटते. जवळ गेल्यावर लोखंडाचा गंज दिसतो, फटींतून उगवलेली रोपटी दिसतात. असा घुमट दगडाचा नसतो. तो रुळावर फिरतो आणि त्याला एक लांबट खिडकी असते. ती उघडायची, घुमट फिरवून हव्या त्या ताऱ्यासमोर आणायची. हा घुमट फिरल्याला खूप वर्षे झाली असणार. दाराला कुलूप होते. रखवालदार नांदेडकडचे निघाले, मराठी ऐकून खूश झाले. म्हणाले, "गुरुजी, इथं आता बघण्यासारखं काय नाही. पण लोक येतात मधून मधून, फोटो काढतात." आम्हीही काढला.

पण या कुलूपबंद घुमटाच्या आवारात जे काम झाले ते ऐकले तर खालूजानही हसणार नाहीत.

१८८७ साली पॅरिसमध्ये जगभरचे ज्योतिर्विद जमले आणि त्यांनी ठरवले की साऱ्या आकाशाचे फोटो काढायचे, त्यातल्या ताऱ्यांच्या जागा मोजायच्या आणि यादी करायची. आकाशाचे पट्टे पाडले, एकेका वेधशाळेने एकेक पट्टा घ्यायचा. ग्रीनविच, पॅरिस, ऑक्सफर्ड अशी नावे त्यात. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमधल्या सँतियागोला दिलेला एक पट्टा तिथून पुरा होईना, तो हैदराबादने घेतला. खगोलाच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांमधला. काम १९१४ मध्ये रॉबर्ट पोकॉक संचालक असताना सुरू झाले. १९१८ मध्ये पोकॉक वारले, त्यांच्या जागी टी. पी. भास्करन आले आणि पुढची २६ वर्षे त्यांनी सांभाळले. दक्षिणेचा पट्टा संपत आल्यावर जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या वाट्याचा ३६ ते ३९ उत्तर अंशांचा पट्टाही हैदराबादने अंगावर घेतला.

काम कसे होते ते पाहा. रात्री दुर्बीण ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवत ठेवून काचेच्या तुकड्यावर फोटो घ्यायचा. फिल्म नाही, काच. तिच्यावर बारीक चौकटींची जाळी उमटवलेली असे, आपल्या आलेख वहीसारखी. आकाशातली एक कला काचेवर एक मिलिमीटर होई. चंद्राचे बिंब साधारण ३१ कलांचे, म्हणजे पौर्णिमेचा पूर्ण चंद्र त्या काचेवर तीन सेंटिमीटरचा उमटला असता. मग दिवसा ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि एकेक काळा ठिपका चौकटीच्या कडेपासून आडवा किती, उभा किती, मोजून वहीत लिहायचा. ठिपका म्हणजे तारा. पुढचा ठिपका. मग त्याच्या पुढचा. असे साडेसात लाखांवर तारे मोजले गेले आणि १२ खंडांत छापले गेले. पहिल्या महायुद्धापासून दुसरे महायुद्ध संपेपर्यंत हे चालले होते. संचालकांची नावे इतिहासात आहेत. ठिपके मोजणाऱ्यांची, बेरजा तपासणाऱ्यांची नावे कोण विचारतो? महिनाअखेर पगार घेऊन ते सायकलीवर घरी जात असतील.

वाचकांना वाटेल, इतके मोजून उपयोग काय? तोच प्रश्न आमच्या भाच्याने केला. तारे स्थिर दिसतात पण ते सरकतात, फार सावकाश. एखादा तारा किती सरकला ते कळायला त्याची आजची जागा आणि फार पूर्वीची जागा, दोन्ही हव्यात. युरोपने १९८९ मध्ये हिपार्कस नावाचा उपग्रह ताऱ्यांच्या जागा मोजायला सोडला. त्याने अतिशय बारकाईने मोजले, पण त्याला मिळाली जेमतेम साडेतीन वर्षे. इतक्या थोड्या काळात ताऱ्यांची चाल नीट कशी कळणार? तेव्हा शास्त्रज्ञांनी जुने खंड कपाटातून काढले. पॅरिस, ग्रीनविच यांच्याबरोबर हैदराबादचेही. जुन्या जागा आणि उपग्रहाच्या जागा ताडून २००० साली २५ लाख ताऱ्यांची नवी यादी तयार झाली, तिच्यात प्रत्येकाची चाल जवळजवळ सर्वांसाठी दिलेली आहे. बेगमपेठेच्या माळावर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या कारकुनाने १९२० च्या सुमारास लिहिलेला आकडा ८० वर्षांनी उपग्रहाच्या उपयोगी पडला. आकडा चुकीचा असता तर पडला नसता, हेही मुलांना सांगतो. वहीत आकडे नीट लिहा म्हणून आम्ही ओरडतो ते उगाच नाही.

उर्दूच्या मास्तराला यात आणखी एक गंमत सापडते. उत्तरेच्या त्या पट्ट्यात आपला अभिजित तारा येतो. इंग्रजीत त्याला वेगा म्हणतात. तो शब्द अरबी 'वाकिअ' वरून गेला, 'अन्-नस्र अल्-वाकिअ', म्हणजे झेपावत खाली येणारे गिधाड. दक्षिणेच्या पट्ट्यात हस्त नक्षत्राचा बराचसा भाग येतो आणि अनुराधेतले काही तारे. हस्तातल्या एका ताऱ्याचे नाव अजूनही 'जनाह', पंख. युरोपच्या कॅटलॉगमध्ये अरबी नावे, मोजणारे तेलंगणातले, आणि आम्ही ती मराठीत सांगतोय.

हैदराबादहून परतीची गाडी रात्रीची. आमच्या कळसची माणसे पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या लांबच्या गाडीला दौंड गाठतात, जवळचे स्टेशन भिगवण. हैदराबादहून येताना कुर्डुवाडी आणि भिगवण यांच्यामध्ये जेऊर लागते. उजनीच्या पलीकडचे, करमाळ्याचे जेऊर. आपल्याकडची किती माणसे तिथे पाहुण्यांकडे जातात! आणि याच जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी जगातले ज्योतिर्विद तंबू ठोकून बसले होते, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते आणि सावलीचा पट्टा जेऊरवरून जात होता. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. सगळा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

पुण्याची तुकडीही तिथे होती, तिचे प्रमुख प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. हे पारशी गृहस्थ. निजामियाची गोष्ट सांगताना त्यांची सांगितलीच पाहिजे, कारण नवाबांच्या आधी १३ वर्षे पुण्यात त्याहून मोठी दुर्बीण उभी होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये ५,००० रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, १८८८ मध्ये वेधशाळा झाली. 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' हे तिचे नाव. तिथली दुर्बीण भिंगाची नव्हे, आरशाची, २० इंची. भारतातली सर्वांत मोठी. दुर्बीण ग्रब यांचीच.

नायगमवालांनी तिचा उपयोग केला. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमची असावी आणि एका बाजूला पुसट होत जाणारी असावी असे लंडनचे नामांकित शास्त्रज्ञ लॉकयर सांगत होते. नायगमवालांनी पुण्यातून पाहिले तर रेषा स्वच्छ, धारदार होती. १८९१ मध्ये त्यांनी तसे लिहून कळवले. समोर कोण आहे हे पाहून त्यांनी निष्कर्ष वाकवला नाही. पुढे १९२७ मध्ये कळले की ती रेषा ऑक्सिजनची. लॉकयर चुकले होते.

हे सारे असून १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. सामान कोडाईकनालला गेले. तिकडे ती 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली गेली. पुण्यात एवढे कॉलेज, एवढे विद्यार्थी, पण त्या दुर्बिणीजवळ बसणारा दुसरा माणूस तयार झालेला नव्हता, किंवा त्याला बसवायची कुणाला गरज वाटली नाही. हैदराबादेत दुर्बिणीचा मालक ती नीट उभी राहण्याआधीच गेला आणि काम १९४६ पर्यंत पुरे झाले. पुण्यात मालकही होता, जाणकारही होता, आणि जाणकार गेला त्या वर्षी कुलूप लागले. आम्हाला ही दोन गावे शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात.

जेऊरच्या ग्रहणावरून आठवले. हजरत मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचा इंतकाल झाला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की दुःखामुळेच लागले. आपण (स.) म्हणाले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. घरात मूल गेलेल्या बापाने त्याच दिवशी हे सांगितले. आपल्याकडे अजूनही ग्रहणात गरोदर बाईला सुई-कात्री हातात घेऊ देत नाहीत. कुसूफची नमाज पढावी, ती सुन्नत आहे. कात्रीचे कुठून आले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी कधीच पाहू नये, ग्रहण असो वा नसो. डोळा कायमचा जातो.

निजामिया १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे आली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेले हे विद्यापीठ उर्दूतून शिकवणारे होते, गणित आणि विज्ञानसुद्धा. पुस्तके नव्हती म्हणून आधी भाषांतराचे खाते काढले, दारुल तर्जुमा. एकेका शब्दासाठी तिथे पंडित आणि मौलवी वाद घालत बसत. आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरांना त्याचा हेवा वाटतो. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्याच राज्यात होते, म्हणजे बेगमपेठेच्या घुमटात मराठवाड्याच्या शेतसाऱ्याचाही पैसा आहे. रखवालदारांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "मग आमचाच की हो."

१९४४ ते १९६० अकबर अली संचालक होते. त्यांनी १५ इंचांवर न थांबता ४८ इंची दुर्बिणीचा घाट घातला. शहर वाढत होते, दिव्यांच्या उजेडात तारे बुडत होते, तेव्हा जागा लांब शोधली. नागार्जुनसागरच्या रस्त्याला, इब्राहिमपट्टणमच्या पुढे, जपाल आणि रंगापूर या दोन खेड्यांजवळची टेकडी. दुर्बीण अमेरिकेतून आली. १९६८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा भारतात तेवढी मोठी दुसरी नव्हती, डोळ्याच्या तीस हजार पट उजेड गोळा करणारी. अकबर अलींच्या नंतर आर. व्ही. करंदीकर आणि कृष्ण दामोदर अभ्यंकर या दोन मराठी माणसांनीही तिथले संचालकपद सांभाळले. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण जपाल-रंगापूरवरूनच गेले. आता बऱ्याच वर्षांत तिथे नेहमीचे वेध घेतले जात नाहीत. आम्ही तिकडे गेलो नाही, मुले थकली होती आणि खालाने बिर्याणी केली होती.

एक घर मात्र सांगायलाच हवे. निजामियात बाप्पू नावाचे एक सहायक होते. संचालक ते कधी झाले नाहीत. त्यांचा मुलगा दुर्बिणींच्या आसपास वाढला, निजाम कॉलेजात शिकला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि १९४९ मध्ये तिथे त्याने एक धूमकेतू शोधला. तो वेणू बाप्पू. तमिळनाडूतल्या कावळूरच्या ९३ इंची दुर्बिणीला १९८६ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. वडील ज्या नोकरीत आहेत ती लहान की मोठी, यापेक्षा संध्याकाळी ते मुलाला कामाच्या ठिकाणी काय दाखवतात, याचा फरक पडला असावा असे आम्हाला वाटते.

परत आल्यावर वर्गात त्या मुलीला उत्तर दिले. दोन तास लागले. मग तिने विचारले, "सर, आपल्या शाळेला दुर्बीण घेता येईल का?" आम्ही सध्या नको म्हटले. आधी वही घातली आहे. रोज मगरिबनंतर चंद्र दिसला का, किती वाजता, कुठल्या झाडाच्या वर, कोर कुठल्या बाजूला, एवढेच लिहायचे. पाळीपाळीने पाच मुले लिहितात, एक आजारी पडले तर दुसऱ्याने लिहायचे असा नियम आहे. रमजानच्या २९ तारखेला सारा गाव गच्चीवर चढतो आणि पश्चिमेला नेमके कुठे पाहायचे यावर वाद घालतो. वही चार-सहा महिने चालली तर ती जागा मुलेच बोटाने दाखवतील. उसाच्या पट्ट्यात धूर आणि धुके असते, तरी कळसचे आकाश बेगमपेठेपेक्षा पुष्कळ काळे आहे. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला हस्ताचा चौकोन गच्चीवरून उघड्या डोळ्यांनी दिसतो. अभिजित ऑक्टोबरच्या संध्याकाळी वायव्येला चांगला झळकतो.

ज्यांना मुलांना खरीखुरी दुर्बीण दाखवायची आहे त्यांना हैदराबाद गाठायची गरज नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही संस्था २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, सर्वांना खुली असते. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत, तिथेही विज्ञान दिनाला मोठे प्रदर्शन भरते. आयुकाची २ मीटरची दुर्बीण घोडेगावच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर आहे. ती २००६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली, नायगमवालांची दुर्बीण पुण्यातून गेल्याला तेव्हा ९४ वर्षे झाली होती. गिरवलीला आधी परवानगी घ्यावी लागते. बाकी दोन ठिकाणी जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी, सकाळी लवकर निघावे आणि डबा बरोबर घ्यावा. रांगा लांब असतात.